नकाशातून गळलेलं बेट

मिल्टन कीन्सला समुद्र नाही. कॉव्हेंट्री तर ब्रिटनमध्ये समुद्रापासून सर्वांत लांब असलेल्या शहरांपैकी एक आहे. तरीही या उन्हाळ्यात ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातला सागरी हद्दीचा वाद मी याच दोन गावांमध्ये जवळून पाहिला. त्यात एक चूक झाली. ती माझी होती. पुण्याच्या एका दैनिकात परदेशी बातम्यांचं पान मी अठ्ठावीस वर्षं लावलं. चूक झाली की दुरुस्ती छापायची, ही तिथली शिस्त. म्हणून ही हकीकत.

बुधवार, मिल्टन कीन्स

माझी धाकटी बहीण मेधा इथल्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. दोन वर्षांसाठी म्हणून ती इकडे आली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. विमानतळावरून घरी येताना मी रस्त्यातले राउंडअबाउट मोजायला घेतले आणि चौदाव्यानंतर सोडून दिले. त्यातल्या एकाला आम्ही दोनदा प्रदक्षिणा घातली.

"दादा, तू बोलत राहिलास की माझा एक्झिट मिस होतो. जरा गप्प बस ना," मेधा म्हणाली.

मी बोलत नव्हतो. बोलत तीच होती.

हे गाव आधी कागदावर काढलं आणि मग बांधलं. उभ्या रस्त्यांना व्ही आणि आडव्यांना एच, पुढे क्रमांक. पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी तांबूस रंगाच्या वेगळ्या वाटा आहेत, त्यांना रेडवे म्हणतात. संध्याकाळी मी अशा वाटेनं पाय मोकळे करायला निघालो आणि एकसारख्या दिसणाऱ्या तीन भुयारी मार्गांनंतर हरवलो. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना पत्ता विचारला. "मी इथं फक्त गाडीनं येते, आज कुत्र्यामुळे चालतेय," असं सांगून त्यांनी माझ्याबरोबर रस्ता शोधायला सुरुवात केली. शेवटी घर कुत्र्यानं नाही, मेधाच्या फोननं सापडलं.

मेधाची मुलगी इरा तेवीस वर्षांची आहे. ती कॉव्हेंट्रीला सागरी सुरक्षेत एमए करते आहे. मी पुण्याहून आणलेला दोन किलो पातळ पोह्यांचा चिवडा तिनं डब्यात भरण्याआधीच खायला घेतला आणि कामाचं बोलली.

"मामा, तुला ग्रीस-टर्कीचा भांडण माहितीये ना?"

"माहीत आहे. त्याच्या बातम्या लावल्यात."

"मग तू माझी मॅप करशील? तू पेपरमध्ये करायचास ना?"

"माझा, इरा. नकाशा माझा," मेधा स्वयंपाकघरातून ओरडली.

"मम्मी, मॅप माझी आहे. तुझा नाही."

भांडणाचा गाभा बेटं आहेत. ग्रीसची कित्येक बेटं तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी चिकटून आहेत. ग्रीस म्हणतो, बेट म्हणजे भूमीच. भोवतीच्या पाण्यावर आणि पाण्याखालच्या तळावर आमचा हक्क. तुर्कस्तान म्हणतो, आमच्या दारातल्या एवढ्याशा बेटापायी आमचा अख्खा किनारा कोंडून घ्यायचा का? ग्रीसनं आंतरराष्ट्रीय सागरी करार स्वीकारला आहे, तुर्कस्ताननं नाही. आपल्याकडे पाकिस्तानबरोबर सर क्रीकची हद्द ठरत नाही आणि मच्छीमार पकडले जातात, तसंच हे. फरक इतकाच, की हे दोन्ही देश एकाच लष्करी आघाडीचे सभासद आहेत.

इराचा प्रबंध एका टेबलावरच्या युद्धखेळावर उभा होता. दोन पक्ष नकाशाभोवती बसतात. एकानं आपली चाल सांगायची आणि ती का यशस्वी होईल याची कारणं द्यायची. दुसऱ्यानं ती का फसेल ते सांगायचं. मग पंच फासे टाकून निकाल देतो. विद्यापीठाची अट अशी होती, की सहा फेऱ्या पुऱ्या झाल्या पाहिजेत आणि शेवटी दोघांनी नोंदवहीवर सही केली पाहिजे. कुणी मध्येच उठून गेलं तर सराव बाद आणि प्रबंध पुढच्या वर्षावर. इराला एका बंदरात नोकरी मिळाली होती, पण ती पदवी हातात असेल तरच. बंदर वर्षभर थांबणार नव्हतं.

"क्लासमधल्या मुलांना घे की," मी म्हणालो.

"ते लोक चेस खेळल्यासारखं खेळतात. मला तिथली माणसं हवीत. आणि माझ्याकडे आहेत दोन. उद्या चल कॉव्हेंट्रीला."

रात्री झोपण्याआधी मी पुण्याला सावंतांना निरोप पाठवला. सावंत आमच्या दैनिकाचे चित्रकार. आता तेही निवृत्त आहेत, पण नकाशा काढायचा म्हटलं की नाही म्हणत नाहीत. इराचं मागणं मी जसंच्या तसं कळवलं: सात फूट रुंद, किनारे ठळक, पाणी फिकट निळं आणि गावांची किंवा बेटांची नावं अजिबात नकोत.

गुरुवार, कॉव्हेंट्री

स्टेलिओसचं फिश अँड चिप्सचं दुकान आणि हालुकचं सलून यांच्यामध्ये एकच भिंत आहे. स्टेलिओस ग्रीक, हालुक तुर्की. दोघंही साठी ओलांडलेले, दोघांचं इंग्रजी पक्कं मिडलंड्सचं, म्हणजे याच मध्य इंग्लंडचं. स्टेलिओस कास्तेलोरिझो या बेटावरचा. हे बेट ग्रीसच्या मुख्य भूमीपासून शेकडो किलोमीटर दूर आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. त्या किनाऱ्यावर समोरच काश नावाचं गाव आहे. हालुक काशचा.

"हा पहिल्या दिवशी माझ्या दुकानात आला," स्टेलिओस सांगत होता, "आणि म्हणाला, मी काशचा. मी म्हणालो, मग तू माझं घर पाहिलंयस."

"पाहिलं होतंच," हालुक म्हणाला. "सक्तीच्या लष्करी सेवेत मला किनाऱ्यावर पहाऱ्याला ठेवलं होतं. आम्ही दुर्बिणीतून ह्यांच्या धक्क्यावर फिरणाऱ्या पोरी बघायचो. अहवालात लिहायचं, शत्रूच्या बाजूला हालचाल नाही."

"त्या माझ्या बहिणी होत्या."

"कोम्शू, म्हणूनच लिहिलं, हालचाल नाही."

कोम्शू म्हणजे तुर्कीत शेजारी. दोघंही एकमेकांना हीच हाक मारतात.

दुकानातला मासा उत्तर समुद्रापलीकडून गोठवून येतो. भूमध्य समुद्रातलं तिथं फक्त स्टेलिओस आणि भिंतीवरचा एक फोटो. फोटोत निळ्या पाण्याच्या कडेनं रंगीत घरांची एक रांग होती. कॉडचा तुकडा हातभर लांब, वर व्हिनेगर. मला मीठ-तिखट लावलेल्या सुरमईची आठवण झाली, आणि मी ती बोलून दाखवली नाही. इरानं मात्र पर्समधून लाल तिखटाची डबी काढून ते सगळ्यांच्या चिप्सवर मारलं. स्टेलिओसनं ती डबी ठेवून घेतली.

निघताना हालुकनं माझे केस फुकट कापून देण्याचा आग्रह धरला. कात्री, वस्तरा इथपर्यंत सगळं घरच्यासारखं होतं. मग त्यानं काडीला बांधलेला कापूस पेटवला आणि तो माझ्या कानावर थापटला. कानावरचे केस जाळण्याची तुर्की न्हाव्यांची ही रीत आहे. मला ती माहीत नव्हती. मी खुर्चीतून उठलो तो टॉवेलसकट.

"इरा, तुझ्या मामाला आधी सांगायचं ना," हालुक म्हणाला. "युद्धात निदान इशारा तरी देतात."

शुक्रवार, मिल्टन कीन्स

सावंतांचा नकाशा सकाळी आला. मी तो छापखान्यात नेण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं तपासला. प्रमाण बरोबर. उत्तरेचा बाण जागेवर. क्रीट, सायप्रस, रोड्स नीट. किनाऱ्याची रेषा कुठं तुटलेली नाही. मी "छापा" असं म्हटलं.

इरानं फोनवर तो अंगठ्याएवढा पाहिला आणि "सो क्लीन!" असं उत्तर पाठवलं.

शनिवार, मिल्टन कीन्स

सराव एका कम्युनिटी हॉलमध्ये होता. चार टेबलं जोडून त्यावर नकाशा पसरला. इराच्या प्राध्यापिका मार्गारेट परीक्षक म्हणून कोपऱ्यात वही घेऊन बसल्या. मेधानं चहा, सँडविच आणि वाडगाभर चिवडा मांडला. हालुक स्वतःचा डबा घेऊन आला होता. स्टेलिओसनं टाय लावला होता. बायकोनं दिला, असं त्यानं कुणी न विचारता सांगितलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि नकाशावर उजवीकडे वाकला. बराच वेळ वाकलेला होता.

"कुठाय?" त्यानं विचारलं.

इरा वाकली. मी वाकलो. तुर्कस्तानच्या किनाऱ्याखाली फिकट निळं, स्वच्छ पाणी होतं. कास्तेलोरिझो नव्हतं. मग माझं लक्ष डावीकडे गेलं. मोठी बेटं होती. लहान एकही नव्हतं. दोन देशांमधल्या साऱ्या एजियन समुद्रात ठिपका म्हणून उरला नव्हता.

हालुक मोठ्यानं हसला. "झालं! चहा प्या आणि घरी चला. आमच्या सरकारला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते पुण्याच्या पेपरवाल्यानं एका रात्रीत केलं."

स्टेलिओस हसला नाही. "माझ्या आईला तिथं पुरलंय," तो म्हणाला. "या नकाशात ती समुद्रात आहे." त्यानं खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला.

हालुकचं हसणं तिथंच थांबलं. मार्गारेटनी घड्याळाकडे पाहून वहीत काहीतरी लिहिलं. इरा माझ्याकडे बघत होती.

मी हॉलबाहेर जाऊन सावंतांना फोन लावला.

"साहेब, बारीक ठिपके होते, ते साफ केले," ते म्हणाले. "नावं नकोत म्हणालात ना? तुमचाच नियम."

नियम माझाच होता. फार वर्षांपूर्वी अंदमानच्या एका नकाशात छपाईच्या शाईचा थेंब उडाला. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचं पत्र आलं: हे नवीन बेट कोणत्या देशाचं? संपादकांनी मला बोलावलं. त्याच संध्याकाळी मी एक कागद लिहून सावंतांच्या टेबलावर भिंतीला डकवला: नाव नसलेला ठिपका म्हणजे डाग. तेव्हापासून आमच्या नकाशांत सगळे समुद्र स्वच्छ असत. तपासताना मी छापलेलं तपासत आलो. जे छापलंच नाही, ते तपासण्याची सवय मला कधी लागली नव्हती.

मी आत गेलो. दैनिकात आम्ही छापायचो, "अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत." कोण दिलगीर, ते त्यात कळत नसे. इथं तशी सोय नव्हती. स्टेलिओस दारापर्यंत पोचला होता, त्यामुळे जे काही बोलायचं ते त्याच्या पाठीशी बोलावं लागलं. नियम, शाईचा थेंब, भिंतीवरचा कागद, सगळं सांगितलं. "चूक मी केली. मुलीचा यात काही दोष नाही," असं म्हणालो. तो वळला, पण कोट त्याच्या अंगातच होता.

तेवढ्यात हालुकनं आपला डबा उघडला. त्यातून एक काळं ऑलिव्ह काढलं, बी तोंडानं काढून खिशात टाकली, आणि ते नकाशावर ठेवलं. मग डोळे बारीक करून पाहिलं आणि बोटानं किंचित उजवीकडे सरकवलं.

"इथं," तो म्हणाला. "मी दीड वर्षं रोज आठ तास ते बघितलंय. ह्यापेक्षा अचूक जागा ग्रीसचं आरमारसुद्धा सांगणार नाही."

प्रमाणात मोजलं तर ते ऑलिव्ह बेटाच्या कित्येक पट मोठं होतं. कुणी हरकत घेतली नाही.

स्टेलिओस टेबलाजवळ आला. पाहिलं. "अजून जरा खाली," तो म्हणाला. "तुझा किनारा तू फार जवळ आणतोस."

"आहेच तो जवळ, कोम्शू."

"खाली."

हालुकनं ऑलिव्ह केसभर खाली घेतलं. स्टेलिओसनं कोट काढला.

बाकीच्या बेटांचा प्रश्न मेधानं सोडवला. तिनं चिवड्याचा वाडगा आणून नकाशाच्या कडेला ठेवला. "शेंगदाणे घ्या. आणि अहो, नीट निवडा, मिरची डोळ्याला लागेल." स्टेलिओसनं चष्मा लावून एकेक शेंगदाणा वेचला आणि नावं घेत मांडला. हालुक प्रत्येकाला मान हलवत होता. मग स्टेलिओसचा हात दोन किनाऱ्यांच्या मधल्या एका जागी थांबला आणि हालुक खुर्चीतून उठला.

"तिथं नाही."

"तिथंही आहे."

"तो खडक आहे! तिथं शेळ्यासुद्धा कंटाळतात!"

अशाच दोन निर्मनुष्य खडकांवरून तीसेक वर्षांपूर्वी दोन्ही आरमारं समोरासमोर उभी राहिली होती. ती बातमी मी पहिल्या पानावर घेतली होती. वीस मिनिटांच्या वादानंतर असा तोडगा निघाला, की तिथं शेंगदाणा नको, चिवड्यातलं एक डाळं ठेवायचं. डाळं लहान असतं. मालकी कुणाची, ते लिहायचं नाही.

मार्गारेट वही घेऊन कोपऱ्यातून टेबलापाशी येऊन बसल्या होत्या. सराव अजून सुरूही झाला नव्हता आणि त्यांची चार पानं भरली होती.

इरानं पहिली फेरी पुकारली. हालुकनं बेटाच्या दक्षिणेचं पाणी सर्वेक्षणासाठी राखून ठेवल्याची सूचना जगभरच्या नाविकांना दिली. स्टेलिओसनं ती सूचना बेकायदा असल्याची सूचना दिली. या समुद्रातल्या बहुतेक लढाया अशाच होतात. तोफेआधी कागद सुटतो. दुसऱ्या फेरीत हालुकचं सर्वेक्षण जहाज निघालं, बरोबर दोन युद्धनौका. तिसरीत स्टेलिओसनं आपल्या युद्धनौका त्यांच्या शेजारून चालवल्या. फासे चांगले पडले. चौथीत वाईट पडले: दोन जहाजं एकमेकांवर आदळली.

आता दोघंही उभे होते. स्टेलिओस सुट्टीवरचे सैनिक परत बोलावत होता. हालुक विमानं उठवत होता. दोघांच्या इंग्रजीत ग्रीक आणि तुर्की शब्द येऊ लागले, आणि ते शब्द भाषांतर न करताही कळत होते. "तुझं सरकार नेहमी हेच करतं!" हालुक ओरडला. "आणि तुझं काय, मशिदीत बसतं?" स्टेलिओस म्हणाला. स्टेलिओसचा हात पुन्हा खुर्चीच्या पाठीकडे, कोटाकडे गेला. इरा फासे मुठीत धरून उभी होती. दोन फेऱ्या बाकी होत्या.

त्या शांततेत एक बारीक कुरकुर ऐकू आली. मार्गारेट लिहिता लिहिता, वर न बघता, नकाशावर हात नेऊन काहीतरी खात होत्या.

सगळ्यांनी नकाशाकडे पाहिलं. डाळं गेलं होतं.

"ओह," मार्गारेट म्हणाल्या. "ते... वापरात होतं का?"

हालुकनं स्टेलिओसकडे पाहिलं. "कोम्शू, ब्रिटननं घेतलं."

"नेहमीप्रमाणे," स्टेलिओस म्हणाला आणि खुर्चीत बसला.

त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते पाचवी फेरी चालू झाल्यावरही टिकलं. त्या फेरीत दोन सेनापतींनी एकमेकांना थेट फोन लावला. म्हणजे हालुकनं टेबलाच्या या टोकावरून खरोखरच स्टेलिओसच्या मोबाइलवर फोन केला. सहाव्या फेरीत सर्वेक्षण जहाज दुरुस्तीसाठी बंदरात परतलं आणि युद्धनौका आपापल्या कामाला गेल्या. दोघांनी स्वतंत्र निवेदनं काढली. दोन्हींत लिहिलं होतं, की आम्ही माघार घेतलेली नाही.

"अगदी खऱ्यासारखं झालं," मार्गारेट म्हणाल्या. सीमारेषा मात्र नकाशावर कुठंच आखलेली नव्हती.

स्टेलिओसनं नोंदवहीवर सही केली, हालुकनं त्याच्याच पेनानं. इरानं वही छातीशी धरली आणि मला म्हणाली, "मामा, तुझी चूक माझा बेस्ट पार्ट होती." मेधानं या वेळी व्याकरण सुधारलं नाही.

उरलेला चिवडा दोघा सेनापतींनी निम्मा निम्मा वाटून घेतला. हालुकला शेंगदाणे जास्त गेले, असं स्टेलिओसचं म्हणणं पडलं.

पुणे

परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात इराचा निरोप आला. प्रबंध स्वीकारला होता. ती सप्टेंबरपासून बंदरात रुजू होते आहे. ते बंदर तिनं आईला एकदा नेऊन दाखवलं आणि येताना मेधाचा एक्झिट चुकला. निरोपासोबत एक फोटो होता. स्टेलिओसनं नकाशा मागून घेतला होता आणि तो आता दुकानातल्या रंगीत घरांच्या फोटोशेजारी टांगला आहे. शेंगदाणे अर्थातच नाहीत. ऑलिव्हही नाही, पण ते जिथं सहा फेऱ्या बसलं होतं तिथं तेल मुरलं आहे. तेलाची कड वर पसरत समोरच्या किनाऱ्याला, काशला लागली आहे.

मी तो फोटो सावंतांना पाठवला. नकाशा त्यांचा होता. तो कुठं लागला हे त्यांना कळायला हवं होतं. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"साहेब, छान लावलाय. पण उजवीकडे खाली एक डाग दिसतोय. फोटोतून काढून देऊ का?"

"राहू द्या, सावंत," मी म्हणालो. "त्याला नाव आहे."